शेवटच्याने थांबायचं

सातारा सोडताना या वेळी आम्ही फोटो काढला नाही. दर वर्षी पोवई नाक्यावर तिन्ही मोटारसायकली शेजारी शेजारी लावायच्या, हेल्मेट काखेत धरायचं आणि चहावाल्याच्या हातात मोबाइल द्यायचा, असा आमचा रिवाज. यंदा सुरेशने नुसतं घड्याळ पाहिलं, "निघू या" म्हणाला आणि गाडी सुरू केली. फाल्गुनातली पहाट होती, बोटं गारठत होती. घरून निघताना बायकोने दारात उभं राहून विचारलं होतं, "नक्की जाताय?" मी हो म्हणालो. "मग शोधल्याशिवाय येऊ नका," ती म्हणाली आणि आत गेली.

आम्ही तिघेही साठीच्या अलीकडे-पलीकडे. सुरेश बँकेतून निवृत्त झाला, पण लोकांना सूचना देण्यातून अजून झालेला नाही. मुकुंदचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे; तो बोलतो कमी आणि खातो जास्त. मी आयटीआयमध्ये तीस वर्षं लेथ मशीन शिकवलं. एक सूत इकडे-तिकडे झालं तरी पोरांचं काम परत करायचो. दुसऱ्याची चूक लांबून दिसायची मला. स्वतःची दिसायला गेलं वर्ष उजाडावं लागलं.

लांबच्या प्रवासात आम्ही ओळीने चालतो. पुढे सुरेश, कारण रस्ता दाखवायची हौस त्याला. मध्ये मुकुंद. शेवटी मी, कारण हत्यारांची पिशवी माझ्याकडे असते. ओळीचे नियम आमचे आम्हीच केलेले. पुढच्याने वाट शोधायची. मधल्याने आरशात लक्ष ठेवायचं. आणि वाटेत काही पडलं, कुणी हाक मारली, कुणी हात केला, तर शेवटच्याने थांबायचं. पुढचा एकदम थांबला तर मागचे येऊन आपटतात, म्हणून थांबायचं काम एकाचंच. दहा वर्षं हे सुरळीत चाललं.

गेल्या फाल्गुनात आम्ही बुलढाणा जिल्ह्यात गेलो होतो. लोणार पाहिलं आणि वरवट बकालला निघालो. तिथे पुंडलिक राहतो, मुकुंदचा कॉलेजच्या वसतिगृहातला मित्र. वाटेत जानेफळला चहा घेतला. मी तोंड धुवायला टपरीच्या मागे गेलो, परत येऊन पाहतो तर दोघांच्याही गाड्या नाहीत. मुकुंद केळी घ्यायचं म्हणत होता. तो बाजाराकडे वळला असणार, असं मी धरून चाललो आणि निघालो. थोड्या वेळाने आरशात हेल्मेट दिसलं. काळं, बाजूला पांढरा पट्टा. मुकुंदचं अगदी तसंच आहे. त्या रस्त्यावर दिवसभरात आमच्याशिवाय कुणाच्या डोक्यावर हेल्मेट पाहिलं नव्हतं. आला मुकुंद, मी मनात म्हटलं. म्हणजे आज शेवटचा तो.

पुढे एका उतारावर पळसाच्या झाडाखाली मोटारसायकल उभी होती, दोन्ही अंगांना वांग्यांचे क्रेट बांधलेले. एक माणूस रस्त्यावर येऊन खांद्यावरचा दुपट्टा हवेत फिरवत होता. झाडाला टेकून एक बाई बसली होती. मी पाहिलं, मागून मुकुंद येतोच आहे असं म्हटलं आणि गेलो.

खामगावच्या वेशीवर सुरेश माझी वाट पाहत उभा होता, आणि त्याच्या शेजारी केळं खात मुकुंद. मुकुंद म्हणाला, "त्या दुपट्टेवाल्याला काय झालं होतं रे? म्हटलं तू येतोयस मागून." त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर अर्ध्या-पाऊण तासात आम्ही परत त्या झाडाखाली पोहोचलो असतो. पण तीस वर्षं पोरांना शिस्त शिकवलेला मी म्हणालो, "काही नाही, पेट्रोल संपलं होतं. दिलं थोडं."

ते खोटं मी पाच महिने पोटात ठेवलं. श्रावणात बायकोला सांगितलं, दिवाळीत या दोघांना. सुरेश म्हणाला, "अरे, तो मागचा हेल्मेटवाला थांबला असेल की!" मी म्हटलं, "आणि नसेल तर?" मुकुंदने हातातली करंजी बशीत ठेवली. "फाल्गुनात जाऊ," एवढंच म्हणाला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही, ते मला फार लागलं.

म्हणून हा प्रवास. पहिल्या दिवशी पुणे, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर करत दिवेलागणीला जालना गाठलं. एवढ्या रस्त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी देऊळगाव राजाजवळ बुलढाणा जिल्हा सुरू झाला. हरभरा निघाला होता, गहू पिवळा पडत होता आणि माळावर जिथे तिथे पळस पेटलेला. मागच्या वर्षी या रंगाचं मी किती कौतुक केलं होतं. या वेळी प्रत्येक पळसाखाली कुणी बसलंय का, हेच डोळे बघत होते.

सिंदखेड राजाला चहाला थांबलो. टपरीवरच्या म्हाताऱ्याने गाड्यांच्या नंबरपाट्या वाचल्या.

"साताऱ्याहून आलाव व्हय?"

"हो."

"मंग बसा की निवांत. आमच्या जिजाऊंच्या सासरकडची माणसं तुम्ही!"

त्याने आम्हाला बाकावर बसवलं, फडक्याने बाक पुसूनसुद्धा दिला. माहेरच्या गावाने सासरच्या माणसांचा मान राखायचा, ही रीत इतक्या शतकांनी एका चहाच्या टपरीवरही पाळली जाते, याचं मला एरवी फार अप्रूप वाटलं असतं. पण कुणी मान दिला की मला आतून चोरट्यासारखं होत होतं.

दुपारी लोणारला पोहोचलो. गाव लहान, दुकानं लहान, एसटी स्टँडवर तालुक्याच्या गावाची नेहमीची गडबड. आणि त्या गावाच्या कडेला जमीन एकदम संपते. खाली गोल दरी, दरीत दाट झाडी आणि तळाशी हिरवट पाणी, हालचाल नसलेलं. आकाशातून दगड पडला आणि हे झालं, हे शाळेत वाचलेलं असतं. काठावर उभं राहिल्यावर ते खरं वाटायला थोडा वेळ लागतो. आम्ही पायवाटेने खाली उतरलो. पाण्याजवळ खारट, उग्र वास येतो. झाडीत जुनी देवळं आहेत, खांब कललेले, गाभाऱ्यात वटवाघळं. एक मोर ओरडला आणि ते ओरडणं दरीच्या कडांना आपटत फिरलं. सुरेश माहिती सांगत होता, दगड केवढा असेल, वेग किती असेल. मुकुंद एका पायरीवर बसून राहिला. शेवटी तो म्हणाला, "उद्या ती बाई जिवंत नाही असं कळलं तर काय करशील?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"पळून येऊ नकोस म्हणजे झालं."

रागावून नव्हता बोलला. दिवाळीनंतर पहिल्यांदाच त्याने मला थेट काही विचारलं होतं, म्हणून मला बरंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी लोणारहून मेहकरकडे निघालो. सुलतानपूरच्या आसपास मुकुंदच्या गाडीची क्लचची केबल तुटली. अशी केबल मी नेहमी जवळ बाळगतो. रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन तासभर लागला. नंतर समृद्धी महामार्गाच्या खालून गेलो. वरून मोटारी सुसाट चाललेल्या. दुचाकीला त्या रस्त्यावर परवानगी नाही. सुरेश म्हणाला, "बरंय, आपण गावातल्या रस्त्यानेच जावं. माणसं दिसतात." बोलून गेला आणि जीभ चावली. मेहकरला आलुबोंडा (बटाटेवडा) खाल्ला, वरून तिखटजाळ तर्री (रस्सा). मुकुंदनेही एकच खाल्ला.

जानेफळला त्याच टपरीवर चहा घेतला. या वेळी निघताना आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघून हात वर केला आणि मगच गाड्या हलवल्या.

तो पळस मला लांबूनच ओळखू आला. बुंध्याभोवती केशरी फुलांचा सडा पडला होता. मी गाडी उभी केली आणि खाली उतरलो. पाहण्यासारखं काहीच नव्हतं. थोडं पुढे एक फाटा होता, फाट्यावर चहाचं छप्पर. छपरात एक बाई भजी तळत होत्या. मी त्यांना विचारलं, "ताई, गेल्या वर्षी या दिवसांत इथं त्या झाडाखाली एक जोडपं होतं. मोटारसायकलवर वांग्यांचे क्रेट होते. बाईंना बरं नव्हतं वाटतं."

त्यांनी झारा तसाच धरला. त्यांची नजर मुकुंदच्या गाडीला अडकवलेल्या हेल्मेटवर गेली.

"अगं माय! तुम्हीच का ते हेल्मेटवाले? तुळशीरामभाऊ वर्साचे धुंडून राह्यले तुमाले! येनाऱ्या-जानाऱ्याले इचारतेत."

"आणि बाई?" मी विचारलं.

"सुमनबाई? गेली ना ती. तिसऱ्या दिवशी गेली दवाखान्यात. पन दोन दिवस भेटले तिले. लेक आली, भेटली, बोलली. नाई त इथीच रस्त्यावर संपली असती." त्या मुकुंदकडे वळल्या. "लय मोठं काम केलं भाऊ तुम्ही. जा, दोन शेतं सोडून घर आहे. पत्र्याचं, पिंपळाजवळ."

बाई गेली होती. वर्षभर मी या दोन शब्दांना घाबरत आलो होतो, आणि ते असे भजी तळता तळता सांगितले गेले. त्याच वेळी मला हेही कळलं, की माझ्या मागचा तो माणूस थांबला होता. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचीच लाज वाटली.

गाड्या छपराजवळ ठेवून आम्ही बांधावरून चालू लागलो. हेल्मेट ठेवायला जागा नव्हती म्हणून हातातच. सुरेश माझ्या बाजूला आला आणि हळू आवाजात म्हणाला, "ऐक. तुझं न थांबणं आणि त्याचं थांबणं, मध्ये एक मिनिटही गेलं नसेल. तिचं काही नुकसान झालेलं नाही. हा माणूस वर्षभर ज्याला शोधतोय तो मुकुंद आहे असं त्याला वाटत असेल, तर वाटू दे की. त्याच्या जिवाला शांती मिळेल. तुझं खरं सांगून त्याला काय मिळणार?"

खरं सांगायचं तर मला ते पटत होतं. किती सोपं होतं! हात जोडायचे, चहा प्यायचा आणि निघायचं.

तुळशीरामभाऊ वांग्यांच्या वाफ्यात होते. वाळलेला, उंच माणूस, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. आम्हाला पाहून उभे राहिले, आणि मुकुंदच्या हातातलं हेल्मेट दिसताच हातातली टोपली टाकून जवळजवळ पळत आले. मुकुंद मागे सरायच्या आत त्यांनी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अहो, अहो! मी नव्हतो हो तो," मुकुंद त्यांना उठवत म्हणाला.

"चांगले लोकं असंच म्हनतात," ते म्हणाले. डोळे भरून आले होते. "रेखा! पोरी, पाहुने आले. ते कापड आन वरचं."

अंगणात बाज टाकली. मुलीने पाणी दिलं. सासरहून वर्षश्राद्धासाठी आलेली, तिशीची बाई. मग ती आतून एक पिशवी घेऊन आली. शर्टाचं कापड, पांढरी टोपी, नवा दुपट्टा. तुळशीरामभाऊ म्हणाले, "तेरवीले (तेराव्या दिवशी) ज्यायनं ज्यायनं मदत केली त्याहीले कापड दिलं. टेम्पोवाल्याले देल्लं. तुमचं तेवढं राह्यलं. म्हनलं ठेवू, कधी ना कधी येतीन."

आणि मग त्यांनी ती सगळी हकीकत सांगितली. "छातीत कळ आली तिच्या. म्हने, मले खाली उतरवा. तिथं फोन लागत नाई. मी दुपट्टा फिरवून राह्यलो अन् गाड्या आपल्या जाऊन राह्यल्या. कोनी थांबत नाई. मंग तुम्ही थांबले. कोन, कुठचे, एका शब्दानं इचारलं नाई. समोरून टेम्पो आला, त्याले आडवी गाडी घातली. तिले उचललं. खामगावपर्यंत मांगं आले. मी डॉक्टरसंगं बोलून वळून पाह्यलं त तुम्ही नाई! तोंडाले रुमाल होता, चेहरा मले याद नाई. निस्तं हेल्मेट याद आहे."

मी हे सगळं ऐकून घेतलं. मध्येच थांबवायला हवं होतं, पण तो माणूस कसा वागला हे मला ऐकायचं होतं. मी काय करायला हवं होतं, ते मला आता नीट कळत होतं.

मुकुंद मान खाली घालून बसला होता. दोनदा म्हणाला, "मी नव्हतो," आणि दोन्ही वेळा तुळशीरामभाऊ हसले. तो तिसऱ्यांदा म्हणाला असता तरी उपयोग नव्हता. तो मुकुंद नव्हता, हे एकच माणूस सिद्ध करू शकत होता. रेखाने कुंकवाचं ताट आणलं. तुळशीरामभाऊंनी बोट बुडवलं आणि मुकुंदच्या कपाळाकडे हात नेला, तेव्हा मी उठलो.

"थांबा भाऊ. तो खरं बोलतोय. तो तुमच्यासमोरून पुढे निघून गेला होता. हा सुरेशही गेला होता. आमच्यात शेवटच्याने थांबायचं ठरलेलं आहे, आणि शेवटचा मी होतो. मी तुम्हाला पाहिलं. वहिनींना पाहिलं. मी थांबलो नाही. ज्याने तुम्हाला मदत केली तो माझ्या मागून येत होता. तो आमच्यातला नव्हे. आम्ही त्याला ओळखत नाही."

बोट तसंच राहिलं. कुंकवाचा ओला थेंब ताटात पडला.

"तुम्ही पाह्यलं होतं?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"दुपट्टा दिसला होता?"

"दिसला होता."

पुढे त्यांनी काऊन (का) विचारलं नाही. विचारलं असतं तर हेल्मेटची, आरशाची, केळ्यांची सगळी कहाणी मी तयार ठेवली होती. त्यांनी कापडाची घडी पुन्हा नीट केली, त्यावर टोपी ठेवली आणि पिशवी मुलीकडे दिली. "ठेव मांगं." मग बाजेवर बसले. बसताना एकदम थकलेले दिसले.

"मंग तो कोन होता?"

"माहीत नाही हो."

"तुमच्या मांगून येत होता म्हन्ता. आरशात दिसला असन. गाडी कोनती होती?"

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. वर्षभर मी त्या हेल्मेटला शिव्या घातल्या होत्या, पण गाडी कोणती, शर्ट कसला, अंगाने कसा, यातलं काहीही माझ्यापाशी नव्हतं. "नाही सांगता येत," मी म्हणालो. माझं खरं सांगणं त्यांच्या कसल्याच कामाचं नव्हतं. उलट सापडलेला माणूस मी त्यांच्या हातून काढून घेतला होता.

दारात उभ्या असलेल्या रेखाने एकदम विचारलं, "काका, माय कशी बसली होती?"

"काय?"

"तुम्ही पाह्यलं म्हन्ता ना. मी आली तवा ती दवाखान्यात होती, नळ्या लावल्या होत्या. बाबाले काईच याद नाई, त्याचं ध्यान रस्त्यावर होतं. तिथं ती कशी बसली होती?"

ओझरतं दिसलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो, बायकोलासुद्धा. ते खरं नव्हतं. मी उतारावर होतो, वेग कमी होता, आणि मी चांगलं पाहिलं होतं.

"झाडाला टेकून बसल्या होत्या," मी म्हणालो. "हिरवं लुगडं होतं. डोक्यावर पदर होता. एक हात छातीवर होता. आणि दुसऱ्या हाताने त्या क्रेटवरचं गोणपाट ओढत होत्या. वांग्यांवर ऊन येत होतं, तिकडे. दोनदा ओढलं. ते पाहून मला वाटलं, बाईंना काही झालेलं नाही, गाडीच बिघडली असेल."

रेखाने तोंडावर पदर धरला. आधी मला वाटलं रडते आहे. ती रडत होती आणि हसतही होती. "बाबा, पाह्यलं? गोनपाट सारत होती! जीव चालला होता अन् वांगे सुकतीन म्हनून..."

"तशीच होती ते," तुळशीरामभाऊ म्हणाले. त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडून डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही. मीही रडलो. सुरेश वाफ्यांकडे तोंड करून उभा होता.

निघतो म्हटलं, तर ते म्हणाले, "असं कसं जासान? दुपार झाली. जेवा." ज्वारीची भाकर, देठासकट शिजवलेली वांग्याची भाजी, ठेचा, ताक. ते स्वतः पंगतीला बसले नाहीत, वाढत राहिले. माझ्या ताटात भाजी वाढताना त्यांचा हात आखडला नाही, हे मी मुद्दाम पाहिलं. घास उतरत नव्हता, तरी ताटात काही टाकलं नाही. मग ते आमच्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आले. वाटेत पाण्याबद्दल, वांग्यांच्या भावाबद्दल, रानडुकरांबद्दल बोलले. रेखाने सुरेशकडून तिघांचे फोन नंबर लिहून घेतले आणि बाबांचा त्याला दिला. आम्ही गाड्यांवर बसलो, तरी ते रस्त्याच्या कडेला उभेच होते.

शेगावच्या पुढे पूर्णा ओलांडली की जमीन सपाट होत जाते आणि समोर सातपुड्याची निळी रेघ दिसू लागते. हा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. वरवट बकालला पुंडलिक ओट्यावर वाटच पाहत होता. "काऊन बे मुकुंद्या, तोंड काऊन उतरलं तुह्यं?" म्हणत त्याने त्याला मिठी मारली. संध्याकाळी त्याला सगळं सांगितलं. सुरेश म्हणाला, "शेवटी त्या बाईला काही फरक पडला नाही, एवढं तरी कळलं." पुंडलिक तंबाखू मळता मळता थांबला. "तिले नाई पडला ना," तो म्हणाला. "याले पडला." आणि विषय बदलून त्याने तुरीचं काय झालं ते सांगायला सुरुवात केली. मला तो माणूस आवडला.

परतीचे दोन दिवस उन्हाचे गेले. ओळ नेहमीचीच होती. जालन्याच्या अलीकडे एका म्हाताऱ्याने हात केला म्हणून मी थांबलो, तर त्याला फक्त किती वाजले ते हवं होतं. मी वेळ सांगितली. तिसऱ्या प्रहरी घरी पोहोचलो. बायकोने चहा टाकला आणि समोर बसली. मी तिला पहिल्यापासून सांगितलं, गोणपाटाचंही सांगितलं. शेवटी म्हणाली, "आणि माफी मागितलीत तेव्हा काय म्हणाले?"

एवढा लांब गेलो, सगळं कबूल केलं, त्यांच्या घरी रडलो, जेवलो, हात धुतले आणि आलो. आणि माफ करा, हे दोन शब्द माझ्या तोंडून निघालेच नव्हते. खरं बोलण्याचं मला इतकं ओझं झालं होतं, की ते बोलून झाल्यावर काम संपलं असंच मी समजलो.

सुरेशकडून नंबर घेतला आणि फोन लावला. पलीकडे पाण्याची मोटर चालू होती.

"हॅलो, कोन?"

"मी साताऱ्याहून बोलतोय. त्या दिवशी आलो होतो, तिघांपैकी... जो थांबला नव्हता तो."

"हाव, बोला." मोटर बंद झाल्याचा आवाज आला. "पोचले का बराबर?"

"पोहोचलो. तुळशीरामभाऊ, एक राहिलं माझं. मला माफ करा."

फोन कटला की काय, म्हणून मी पाहिलंसुद्धा.

"हाव," ते म्हणाले. "तुम्ही जेवून उठले, तवा मी वाट पाह्यली. फाट्यावर आलो तुमच्यासंगं, ते त्याच्याच पायी आलो. आता म्हनसान, मंग म्हनसान, असं करत राह्यलो. तुम्ही गाडीवर बसून चालले गेले." त्यांनी श्वास घेतला. "बरं झालं. म्हनलं एकदाचं."

माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.